तीन ठोके आधी

रविवारी दुपारी, गाण्याच्या मंडळाच्या खोलीत जेवणाआधीची शेरी वाइन फिरत असताना, एवारिस्तोच्या तोंडून दादेचा एक 'ओऽले' निसटला आणि तो चुकला. फार नाही, तीनच ठोके. बारा ठोक्यांच्या आवर्तनात सोलेआ या संथ गाण्याची ओळ दहाव्यावर येऊन टेकते. हा गडी सातव्यावरच दाद देऊन मोकळा झाला. दुसरा कुणी असता तर गोष्ट तिथंच संपली असती. बाहेरगावचे लोक येतात, वाटेल तिथं टाळ्या पिटतात, शब्दाच्या शेवटावर जोर देऊन 'ओलेऽ' म्हणून ओरडतात, आणि पाहुण्याच्या हातून सांडलं तर आपण काही बोलत नाही तसं हेरेस गावचे लोकही काही बोलत नाहीत. पण एवारिस्तो पाहुणा नव्हता. एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यात त्यानं ना गिटार धरली, ना गळा मोकळा केला. नाचाचं म्हणाल तर शेवटी बुलेरियाची जलद धून सुरू झाली की ज्याला त्याला खुर्चीवरून ओढून उठवतात, तेव्हा एक गिरकी, दोन पावलं, कोटाचं टोक जरा उचललं न उचललं, की बसला खाली. त्याच्यापाशी एवढा एक शब्द होता आणि तो कुठं टाकायचा याचं ज्ञान होतं. त्याच्या जोरावर सबंध सान्तियागो मोहल्ला त्याला पन्नास वर्षं 'घड्याळ' म्हणत आला होता. नवा गाणारा मंडळात आला की आधी खिडकीजवळच्या खुर्चीकडे बघायचा: घड्याळ आलंय का? आलं असेल तर घाम फुटायचा, आणि ओळ टेकल्यावर त्या खुर्चीतून तो शब्द आला की घाम वाळायचा.

गात होती नोएलिया, औषधांच्या दुकानात काम करणारी सव्वीस वर्षांची पोर. तिचे डोळे मिटलेले होते. चुकीचा 'ओऽले' कानावर पडला तसे ते उघडले, एवारिस्तोवर थांबले, आणि पुन्हा मिटले. ओळ तिनं सोडली नाही, नीट नेऊन दहाव्यावर ठेवली. गिटारवाल्यानं मान खाली घातली. आणि दाराजवळून ग्रेगोरियो, ज्याच्या शेजारी उभं राहून एवारिस्तोनं एकतीस वर्षं शेरीची पिंपं बांधली तो ग्रेगोरियो, हळूच म्हणाला, "घड्याळ पुढं चाललंय वाटतं आज." लोक हसले. त्यात वाईट काही नव्हतं, घरचंच हसणं होतं. एवारिस्तोही हसला. पण शेवटच्या बुलेरियाला ग्रेगोरियोनं हाताला धरून ओढलं तेव्हा तो गुडघ्याचं निमित्त सांगून बसून राहिला. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं.

घरी जाताना मेच्या उन्हात त्यानं ती ओळ पुन्हा मनात म्हणून पाहिली. चुकल्याची लाज होतीच. ती कानाच्या पाळीपर्यंत जाणवत होती. पण लाजेच्या पोटात आणखी एक काहीतरी वळवळत होतं, आणि ते त्याला स्वस्थ बसू देईना. तो शब्द त्यानं म्हटला नव्हता. म्हणजे तोंड त्याचंच होतं, आवाज त्याचाच, पण एरवी 'ओऽले' म्हणण्याआधी पोटात कुठंतरी एक दार उघडल्यासारखं होतं, माणूस उंबऱ्यावर येतो, आणि मग शब्द बाहेर पडतो. आज उंबऱ्यावर कुणी आलंच नाही आणि शब्द रस्त्यावर. हा गेला कुठून? एवारिस्तोला आयुष्यात पहिल्यांदाच प्रश्न पडला, की आपला 'ओऽले' मुळात येतो कुठून. इतकी वर्षं जो म्हणतोय त्यालाच पत्ता नाही! कान ऐकतो म्हणून येतो म्हणावं, तर कानानं ऐकून मग म्हटलं की उशीर होतो. ते नवशिक्यांचं काम. ओळ टेकायच्या आधीच ती टेकणार हे कळायला लागतं. म्हणजे जे अजून झालं नाही त्याला दाद द्यायची. मग आज त्याला काय कळलं होतं, जे झालंच नाही? तो पिंपांच्या जुन्या कारखान्याच्या भिंतीपाशी उभा राहिला. एक बाई रश्शाची पातेली दोन हातांत धरून चालली होती, ती म्हणाली, "काय हो एवारिस्तो, रस्ता चुकलात?" "नाही, नाही," तो म्हणाला, आणि त्याच्या ध्यानात आलं की आपण घराची गल्ली मागं टाकून आलोय.

ओळ अशी होती. 'पाणी मागायला आले दारी, पाणी दिलंस भरून, तहान माझी ठेवून घेतलीस घरी.' चार कवडीचे शब्द. पण हे शब्द मोहल्ल्यात पन्नास वर्षं कुणी गायले नव्हते, कारण ते तोमासाचे होते, आणि तोमासा ही एवारिस्तोची आई. ती काही रंगमंचावर गायली नाही. बाटल्या धुण्याच्या शेडमध्ये दिवसभर गार पाण्यात हात, आणि रविवारी सकाळी, सोळा बिऱ्हाडांच्या मधल्या सामाईक चौकात, विहिरीपाशी खुर्ची टाकून ती बसायची. आधी पाय मोकळे करायची, मग कुणीतरी बोटांच्या पेरांनी टेबलावर ठोके धरायचा. तिची सगळी करामत तिसऱ्या ओळीत होती. 'तहान माझी' म्हणायची आणि तिथं ओळ तुटायची. चौक गप्प. विहिरीच्या रहाटाला बांधलेली दोरी वाऱ्यानं करकरली तर ऐकू यायचं. आणि मग, आता ही काही म्हणत नाही असं वाटेपर्यंत वाट पाहायला लावून, खालच्या आवाजात 'ठेवून घेतलीस घरी'. लोक दुरून यायचे त्या तुटण्यासाठी. म्हणायचे, अशी ओळ तोडायला काळजात तसं काहीतरी तुटलेलं लागतं. एवारिस्तो सात वर्षांचा होता तेव्हा ओळीतल्या त्या खड्ड्यात, सगळे श्वास धरून बसले असताना, त्याच्या तोंडून पहिला 'ओऽले' पडला. आधी सन्नाटा आणि मग चौक हसून हसून लोळला. आईनं वळून बघितलं होतं. तिचे डोळे पाण्यानं भरलेले, ओठ निळसर, आणि ती हसत होती. कुणीतरी शेरीत बोट बुडवून त्याच्या ओठांना लावलं आणि म्हणालं, हा पोरगा तालाचा आहे रे. तिच्या मागं सालूद उभी होती, थोरली बहीण, अकरा वर्षांची, आईच्या पाठीवर हात ठेवून. ती हसत नव्हती. एवारिस्तोला ती तशीच आठवते, हात पाठीवर आणि तोंड मिटलेलं.

म्हणजे उत्तर सोपं होतं की काय? पोरीनं आईचे शब्द गायले, आपण आईच्या जागेवर बोललो. एवढंच! त्याला क्षणभर हलकं वाटलं. पण सोपं उत्तर मिळालं की त्याला पिंपं आठवायची. बांधून झालेल्या पिंपावर टिचकी मारायची आणि कान लावायचा. पिंप घट्ट असलं तर गोल आवाज येतो, आणि कुठल्याशा फळीतून वारा जात असेल तर आवाजाला किंचित धाप लागल्यासारखं होतं. कारखान्यात ते ओळखण्यात एवारिस्तोचा हात कुणी धरायचं नाही. आताच्या उत्तराचा आवाज गोल येत नव्हता. पोरीनं ओळ तोडलीच नव्हती. जिथं काहीच तुटलं नाही तिथं ज्याला तुटलेलं ऐकू येतं, त्याचा कान शाबूत कसा म्हणायचा? आणि कान शाबूत नसेल तर रविवारी खिडकीजवळच्या खुर्चीत कुठल्या तोंडानं जाऊन बसायचं? गाणाऱ्यांचा गळा गेला तर ते गळ्याच्या आठवणी सांगत बसतात. ऐकणाऱ्याचा कान गेला तर तो काय सांगणार? त्यानं मनाशी ठरवून टाकलं: हा आठवडा शोधायचं. कान गेला असं निघालं तर मंडळात पाऊल टाकायचं नाही, गुडघ्याचं निमित्त आयतं आहेच.

बुधवारी तो दवाखान्यात कान तपासून घ्यायला गेला. काचेच्या लहान खोलीत बसवलं, कानांवर गाद्या चढवल्या, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. आवाज म्हणजे काय, बारीक शिट्ट्या, कधी डाव्या कानात, कधी उजव्या, कधी अशा दुरून की खऱ्या की आपल्याच डोक्यातल्या ते कळू नये. एवारिस्तो फार मन लावून बसला. थोड्या वेळानं त्याला वाटायला लागलं की या शिट्ट्यांना काहीतरी क्रम आहे, एक येते, दोन सोडते, एक येते, आता येईल बघ. आणि पायाच्या अंगठ्यानं तो नकळत ठेका धरून बसला. बाहेर आल्यावर तपासनीस बाईनं कागद पुढं ठेवला. "आजोबा, वयाच्या मानानं कान फर्स्टक्लास आहेत तुमचे. पण एक गंमत झाली. सात वेळा तुम्ही बटण दाबलंत तेव्हा आवाज नव्हताच."

"नव्हताच?"

"मी दिलाच नव्हता. आणि सातही वेळा अगदी सारख्या अंतरानं दाबलंत. असं कुणी करत नाही. कशाची वाट बघत होता?"

"त्याच्या पुढच्याची," एवारिस्तो म्हणाला. बाई हसली, तिला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. तो मात्र थट्टा करत नव्हता. कागदाची घडी खिशात घालून तो बाहेर आला आणि त्याला आनंद व्हायला हवा होता, कान शाबूत असल्याचा सरकारी दाखलाच होता म्हणा ना, पण आता तर आणखीच भलतं कोडं होऊन बसलं. कान चांगला आणि तरी जे नाही ते ऐकू येतं. एखाद्या पिंपात द्राक्षाचा रस काढून घेतल्यावर वर्षानुवर्षं वास राहतो तसा माणसाच्या आत आवाज राहत असेल का? आणि राहत असेल तर बाकी कुणालाच का नाही ऐकू आला? तोमासाला ऐकलेली माणसं त्या खोलीत अजून चार तरी होती. ग्रेगोरियो होता. त्याला नाही ऐकू आला. मग यालाच का?

नोएलियाच्या दुकानावरून त्याला जायचं नव्हतं, म्हणून तो दोन गल्ल्या वळसा घालून गेला आणि शेवटी दुकानासमोरच येऊन उभा राहिला. आत गिऱ्हाईक नव्हतं. पांढरा कोट घातलेली पोर खोकल्याच्या बाटल्या मांडत होती. तिनं त्याला काचेतून पाहिलं आणि हातानं बोलावलं, आता पळून जाणं बरं दिसलं नसतं.

"एवारिस्तोकाका, बरं झालं आलात. मी तुमच्याकडे येणारच होते."

"पोरी, मला माफ कर," तो घाईघाईनं म्हणाला. घरून पाठ केलेलं वाक्य होतं ते. "तुझ्या ओळीवर पाय दिला मी. माझ्या वयाच्या माणसानं–"

"ते जाऊ द्या हो. राग आला होता, नाही असं नाही. घरी जाऊन भांडी आपटली मी. आई म्हणाली, काय झालं? म्हटलं, घड्याळानं मला मधेच थांबवलं." ती बाटल्या सोडून काउंटरवर वाकली. "पण मग रात्रभर विचार करत बसले, की हा माणूस कुठंही बोलेल असा नाही. तिथंच का? त्या जागी काय आहे? काका, कोण तोडायचं तिथं?"

"माझी आई."

"वाटलंच मला. शब्द आजीनं दिलेत, ती राहायची तुमच्या चौकात. चाल मात्र माझी मी बसवली. आजी म्हणायची, तोमासासारखं कुणाला जमायचं नाही, तू तुझं सरळ म्हण." नोएलियानं बोटाची पेरं काउंटरवर हळू ठोकली, एक, दोन, आणि थांबली. "तर मी दोन दिवस तिथं तोडून बघतेय. जमत नाही. थांबता येतं, पण तुटत नाही. कळतंय का मी काय म्हणते ते? नाटक वाटतं. कारण छातीत श्वास शिल्लक असतो. श्वास शिल्लक असताना तिथं कुणी थांबेलच कशाला?"

दुकानाची घंटी वाजली, एक बाई पोटाच्या औषधाची चिठ्ठी घेऊन आत आली, आणि एवारिस्तो मान हलवून बाहेर पडला. श्वास शिल्लक असताना. हे काय बोलली पोर? तो चालायला लागला तेव्हा त्याला निळसर ओठ आठवले, आणि ते निळे होते हे आपल्याला इतकी वर्षं दिसत होतं, तरी आपण त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं असं वाटलं. मग पाठीवरचा हात आठवला. त्यानं तो हात नेहमी माया म्हणून पाहिला होता. आता मनात पुन्हा पाहिला तर तो हात स्थिर नव्हता, वर खाली फिरत होता. आठवण बदलली की आधीपासूनच तशी होती? कुणाला विचारणार? ज्या हाताबद्दल प्रश्न होता तो हात या वेळी पाच गल्ल्या पलीकडे, बहुधा स्वयंपाकघरात होता.

सालूदकडे तो आठवड्यातून एकदा जायचाच. पण गाण्याचा विषय त्या घरात निघत नसे. सालूद गायची, लग्नाआधी फार सुरेख गायची. आई जाऊन वर्ष झाल्यावर, दुखवट्याचे काळे कपडे उतरल्यावर, चुलतभावाच्या पोराच्या बाप्तिस्म्याला ती एकदा गायली, आणि मग कधीच नाही. पुढल्याच महिन्यात तिचं फेर्मिनशी लग्न झालं. फेर्मिननं तिचं गाणं बंद केलं, हे एवारिस्तोनं स्वतःच जुळवलं होतं आणि त्यावर शेहेचाळीस वर्षं मेहुण्याशी जेवढ्यास तेवढं बोलला होता. फेर्मिन जाऊन सहा वर्षं झाली. त्याला मातीत ठेवताना सुद्धा एवारिस्तोच्या मनात आलं होतं, हा माणूस एक गळा सोबत घेऊन चालला.

दार उघडंच होतं. सालूद स्वयंपाकघरात टेबलाशी बसून गोगलगाई धूत होती. मे महिना, त्यामुळे घरोघरी हेच. टेबलावर मोठी बादली, मिठाचं भांडं, आणि बादलीतून गोगलगाई निवांत बाहेर चढत होत्या. एकेकीला ती दोन बोटांनी उचलून परत आत टाकायची आणि कवचं एकमेकांवर आपटून टक् व्हायचं.

"आलास? बस. कळलं मला सगळं," ती म्हणाली. "उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मासळीवालीसुद्धा विचारत होती, भावाची तब्येत बरी आहे ना?"

"कुठली ओळ होती ते सांगितलं का तिनं?"

"मासळीवालीला काय कळतंय ओळीतलं."

"आईची होती. 'तहान माझी'." सालूदचा हात बादलीवर थांबला. "ती पोर सरळ म्हणून गेली आणि मी आईच्या जागेवर बोललो. सालूद, एक विचारू? आई तिथं का तोडायची?"

तिनं काठावरची एक गोगलगाय आत टाकली. मग म्हणाली, "तुला खरंच ठाऊक नाही? मला वाटायचं तू माहीत असून गप्प आहेस."

"काय माहीत असून?"

"अरे, ती तोडत नव्हती. तिला श्वास पुरत नव्हता. त्या शेडमधल्या ओलाव्यानं छाती गेली होती तिची, 'माझी'च्या पुढं हवाच नसायची. मी मागं उभी राहून पाठ चोळायचे. माझ्या हाताला कळायचं आत काय चाललंय ते, आत नुसतं भोक पडल्यासारखं शीऽऽ वाजायचं. मग जरा हवा मिळाली की ती उरलेले शब्द म्हणायची. लोक म्हणाले वाहवा, तर तीही म्हणाली, असू दे. डॉक्टरला द्यायला कुठं काय होतं? वाहवा फुकट होती."

एवारिस्तोनं टेबलाची कड धरली. त्याच्या मनात एकच गोष्ट धावत होती: मी टिचकी मारून सांगायचो, कुठल्या फळीतून वारा जातोय. अख्ख्या कारखान्यात मी सांगायचो. आणि माझा पहिला 'ओऽले', ज्याचं सगळ्यांनी कौतुक केलं, ज्याच्यावर मी आयुष्यभर नाव मिरवलं, तो आईला धाप लागली तेव्हा म्हटलेला. त्याला स्वतःची किळस आली, आणि त्या किळसेतही तो शोधत राहिला, कारण अजून काहीतरी उरलं होतं. "बाप्तिस्म्याला," तो म्हणाला, "तू तीच ओळ म्हटली होतीस."

"हो. सलग म्हटली. मला श्वास होता, देवाच्या दयेनं. माझं नावच सालूद, म्हणजे आरोग्य, तब्येत खणखणीत. मनात म्हटलं, आईला जी ओळ कधी पुरी करता आली नाही ती एकदा एका दमात पुरी करून तिच्या पायाशी ठेवावी." तिनं एक गोगलगाय उचलली आणि हातातच धरून ठेवली. "ठेवली. आणि कुणी काही बोललं नाही. सगळे वाट बघत बसले होते ती कधी तुटतेय याची. मग कोपऱ्यातून एक जण म्हणाला, तोमासाची सर नाही. त्याचं मला काही वाटलं नाही, तो दारू प्यायलेला होता. मी बघत होते तुझ्याकडे. तू एकोणीस वर्षांचा, समोर बसलेला, एवढं नाव झालेला. तुझं तोंड उघडलेलं होतं रे. मला दिसत होता तो शब्द तुझ्या तोंडात. आणि तू तोंड मिटलंस."

ते त्याला आठवत होतं. म्हणजे आता आठवलं: जिभेवर येऊन थांबलेला शब्द, खड्डा येईल, येईल म्हणून धरलेला, आणि ओळ खड्ड्यावरून सरळ पुढं निघून गेलेली. मग फार उशीर झाला होता. तर हा इथून आला. रविवारी नोएलियानं ओळ सलग म्हटली, बरोबर सालूदसारखी, आणि जो कधीचा तोंडात अडकून होता तो निसटला, तोही पुन्हा त्याच चुकीच्या जागी.

"आणि मी फेर्मिनला बोल लावत राहिलो," तो म्हणाला.

"माहीत आहे मला. तो बिचारा दर वाढदिवसाला म्हणायचा, एकदा गा. मी म्हणायचे, आता आईचा आजार गाऊन दाखवू का लोकांना? म्हणजे दाद मिळेल. त्याला कळायचं नाही मी काय बोलतेय. तुझ्यासाठी चांगली बाटली काढून ठेवायचा तो, आणि तू म्हणायचास मला घाई आहे." ती रागावलेली नव्हती. तसं असतं तर बरं झालं असतं. तिनं गोगलगाय बादलीत टाकली. टक्.

शेजारच्या घरात कुणीतरी लसूण कुटत होतं. एवारिस्तोनं पाहिलं, आपल्या हाताची पेरं टेबलावर टेकलेली आहेत. ती कधी टेकली? तो हळू ठोकायला लागला, अगदी हळू, तीनला दाब, सहाला दाब, आठ, दहा, बारा. सालूदनं एकदा त्या हाताकडे पाहिलं आणि एकदा दाराकडे. "म्हातारचळ लागलाय तुला," ती म्हणाली. तो ठोकत राहिला. दुसरं आवर्तन गेलं, तिसरं गेलं. चौथ्याला तिनं ओले हात कमरेच्या फडक्याला पुसले आणि मान जराशी वर केली. पाणी मागायला आले दारी. आवाज असा होता की बंद खोलीची खिडकी उघडताना पहिल्यांदा अडते ना, तसा. पाणी दिलंस भरून. आता जरा सुटला. आवाज आईचा नव्हता, तो सालूदचाच होता आणि एवारिस्तोला तो ओळखू आला. तहान माझी–

आणि तुटलं. तिथंच, सातव्यावर, आईच्या जागेवर. पंच्याहत्तर वर्षांच्या छातीला पुढं हवा नव्हती. स्वयंपाकघर गप्प झालं, बादलीतून एक गोगलगाय काठावर चढत होती, आणि एवारिस्तोच्या पोटातलं ते दार सताड उघडलं. इतकी सुंदर तुटली होती ओळ. शब्द जिभेवर आला. त्यानं दातांवर दात घट्ट धरले आणि तो अडवला. सालूद टेबलाला धरून श्वास घेत होती. चेहरा लाल झाला होता, पण ओठ निळसर नव्हते, लालच होते, ते त्यानं नीट पाहून घेतलं.

"काय रे," ती धापा टाकत म्हणाली. "पुन्हा गप्पच?"

"पुन्हा म्हण. पण आधी श्वास घे."

"मी म्हातारी झाले रे बाबा."

"मग दोनदा घे. घाई कुणाला आहे?"

तिनं उठून मागची खिडकी उघडली, परत येऊन ताठ बसली, पाय जमिनीवर नीट टेकवले. तो ठोकत होता. एक आवर्तन तिनं जाऊ दिलं, दुसरं जाऊ दिलं. या वेळी तिनं पहिल्या दोन ओळी जपून, अगदी काटकसरीनं म्हटल्या, बाजारात शेवटचं नाणं राखून ठेवावं तसा श्वास राखत. तहान माझी. एवारिस्तोला तो खड्डा समोर दिसत होता आणि तिलाही दिसत होता. तिचे खांदे वर आले. ठेवून. आवाज बारीक झाला, थरथरला, गाणं असं त्याला म्हणवेना, पण तो थांबला नाही. घेतलीस. आता नुसती कुजबुज होती. घरी. दहाव्या ठोक्यावर ओळ टेकली, आणि त्याच क्षणी, ना आधी ना नंतर, टेबलापलीकडून हलक्या आवाजात 'ओऽले' आला.

सालूद डोळे मिटून बसून राहिली. एवारिस्तोचा हात टेबलावर तसाच होता.

"चुकला का?" त्यानं विचारलं.

"नाही," ती म्हणाली. तिनं डोळे उघडले, काठावरून पडायला आलेली गोगलगाय उचलून बादलीत टाकली. "बावन्न वर्षं उशिरा आला. पण जागेवर आला." मग फडक्यानं तोंड पुसून तिनं त्याला मिठाचं भांडं इकडे सरकवायला सांगितलं.